मडगार्डपेक्षा चासी पाहावी
दीड लाख किलोमीटर धावलेली, डावे मडगार्ड चेपलेली 2016 ची स्कॉर्पिओ घ्यावी का, असे आपण विचारले आहे. मडगार्ड बोल्टांवर बसवलेले असल्याने सहज बदलता येते; त्याची चिंता नसावी. मात्र ही गाडी शिडीसारख्या चासीवर, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावर, उभी असल्याने, ती लिफ्टवर चढवून चासीला नवे वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसतो का, हे अवश्य पाहावे; ती मोठ्या अपघातानंतरच्या दुरुस्तीची खूण असू शकते. इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः चालू करावे आणि थोड्या वेळाने ऑइलचे झाकण उघडून पाहावे. तेथून भकाभका धूर आला, तर इंजिनातील पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता असते, आणि तशी गाडी मी तरी घेणार नाही. पंधरा वर्षांची नोंदणी 2031 मध्ये संपते, तो हिशोब भावात धरावा, आणि आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) कर्जाचा बोजा उतरल्याखेरीज कृपया विसार देऊ नये.