परसातल्या छोट्या तळ्याचे काठ ढासळायलेत, काळ्या मातीत काठ कसे बांधायचे?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. घरामागं थोडी मोकळी जागा आहे, पोरीच्या हट्टापायी तिथं कमळाचं छोटं तळं करायचं ठरलंय. खड्डा काढून झालाय, लांबट गोल, साधारण १२ बाय ८ फूट आणि खोली अडीच फूट. खाली सगळी काळी माती, मुरूम लागलाच नाही. गड्यांनी कडा सरळ उभ्या कापल्या आणि आता या उन्हानं भेगा पडून ढेकळंच्या ढेकळं आत पडायलीत. शेजारचे काका म्हणतात सरळ आरसीसी हौद कर, मेव्हणा म्हणतो शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद टाक, बायको म्हणते बुजवून टाक आणि कढीपत्ता लाव.

मला विचारायचं एवढंच की कडांना उतार किती ठेवायचा, काठावर शहाबादी लावू की गोटे, आणि कागद टाकला तर त्याची काळी कड बाहेर दिसते ती कशी लपवायची. पाणी बोअरचं आहे. स्वयंपाकघराची भिंत ४ फुटांवर आहे. पावसाच्या आत उरकायचंय.

ओळंबा
मालक, आधी भिंतीचं बघा, उतार नंतर. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उद्या कागदाला कुठं भोक पडलं तर ते पाणी सरळ पायाशी जाणार, एका बाजूची माती फुगणार आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला तिरकी चीर पडणार. तळं भिंतीपासून निदान ७-८ फूट लांब सरकवा. भिंतीकडचा जो भाग रिकामा होईल तो काढलेल्या काळ्या मातीनंच ठोकून भरा, तिथं मुरूम घालू नका, मुरुमातनं पाणी पाझरतं आणि पायाशी साचून राहतं.

आरसीसीचं म्हणाल तर करता येतं पण या मातीत पातळ हौद टिकत नाही, खालून माती हलली की तडा जातो. जाड करायचा म्हटलं तर खर्च तळ्याचा राहत नाही, पाण्याच्या टाकीचा होतो. शिवाय नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, पाणी बरेचदा भरून सोडून दिल्याशिवाय मासे जगत नाहीत. कागदच बरा.

आता उतार. शेततळ्याला काळ्या मातीत दीडास एक धरतात, म्हणजे १ फूट खोलीला दीड फूट आडवं. तुमच्या अडीच फुटाला ते पावणेचार फूट झालं, दोन्ही बाजूंचं मिळून साडेसात. रुंदीच ८ आहे म्हणल्यावर तळाला अर्धा फूट उरला, तिथं कमळाची कुंडीपण बसायची नाही. म्हणून छोट्या तळ्यात उताराऐवजी पायऱ्या करतात. पाण्याच्या पातळीखाली ९ इंचावर १ फूट रुंदीची एक पायरी सगळीकडनं फिरवा आणि तिथनं खाली किंचित तिरकं तळाला न्या. फक्त ही पायरी नुसत्या काळ्या मातीत कापली तर उन्हाळ्यात परत ढासळणार. कडेची माती १ फूट जास्तीची काढून टाका आणि तिथं मुरूम भरा, चार-चार इंचाचा थर, पाणी शिंपडायचं, धुम्मस मारायचं, मग वरचा थर. एकदम ओतून वरनं ठोकलेला मुरूम आतनं पोकळच राहतो.

आणि हे भर उन्हात करू नका. आत्ता माती पूर्ण आकसलेली आहे, आता काठ बसवला तर पहिल्या मोठ्या पावसात माती फुगून काठ आत ढकलेल. खड्ड्यात पाणी सोडून दोन-तीन दिवस मुरू द्या, भेगा मिटू द्या, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की मग कापा.

चादरवाला
कागदाखाली अंथरायला जुन्या सोलापुरी चादरी घाला की मालक, प्रत्येकाच्या माळ्यावर दहा पडल्यात 😄

अंगणातली_ताई
चादरवाले दादा, गंमत ठीक आहे पण खरंच नका घालू कुणी 😀 सुती कापड ओलीनं कुजतं आणि त्याच्या आधी वाळवी येते. अंथरायला काहीतरी लागतंच, मुरुमातले टोकदार खडे कागदाला टोचतात, तर लग्नाच्या मांडवातलं जुनं सिंथेटिक कार्पेट घ्या नाहीतर जिओटेक्स्टाइल म्हणजे कागदाखाली घालायचं सिंथेटिक कापड, ते नाही कुजत.

माझ्याकडं असंच तळं आहे होटगी रोडला, म्हणून कडेचं सांगते, कारण सगळं काम चांगलं होऊन माणसं तिथंच फसतात. कागदाची कड जमिनीलगत आडवी मातीत पुरायची नाही. तशी पुरली की काठावरची माती वातीसारखी पाणी वर ओढते, तळं फुटलंय असं वाटत राहतं आणि भोक काही सापडत नाही. कागद वर आणायचा, त्याच्या पुढं म्हणजे पाण्याच्या बाजूला, पायरीवर गोटे रचायचे, कागद त्या गोट्यांच्या मागून उभा वर घ्यायचा आणि त्याच्या मागं बाहेरच्या बाजूनं मुरूम आणि दगड दाबायचा. म्हणजे कागद दोन दगडांच्या मध्ये उभा राहतो. त्याचं टोक पाण्याच्या वर तीन-चार इंच ठेवून मग कापा, आणि कापायचं तळं भरून चार दिवस झाल्यावर, आधी नाही. असं केलं की काळी कड दिसतच नाही आणि उन्हानं खराबपण होत नाही.

शहाबादी दिसायला छान, पण पातळ फरशी काठावर नुसती ठेवली की हलते आणि आपल्या उन्हात दुपारी पाय ठेवता येत नाही. लावायचीच असेल तर एका बाजूला, बसायला, मुरुमावर मसाल्यात पक्की बसवा आणि दोन इंच पाण्यावर पुढं येऊ द्या म्हणजे सावली पडून खालचा कागद झाकतो. बाकी कडेला गोटे. एका कोपऱ्यात मात्र गोट्यांचा अगदी सपाट उतार ठेवाच, खारी आणि मांजराची पिल्लं पाण्यात पडतात आणि कागदावर नखं लागत नाहीत म्हणून वर येता येत नाही.

पायरीवर वेखंड, कर्दळ, अळू कुंडीत ठेवा. पाणकणीस नको, त्याचे कोंब टोकदार असतात आणि वर्षात सगळं तळं त्याचंच होतं. मुलगी लहान असेल तर खोलीचा विचार परत करा, अडीच फूट लहान लेकराला खूप आहे. कमळाला दीड-दोन फुटांत भागतं.

मोहोळचा_शेतकरी
कागद ५०० मायक्रॉन जाडीचाच घ्या आणि दुपारी पसरा. सकाळी तो ताठ असतो, वळणावर बसत नाही, ऊन लागलं की नरम होतो. चपला काढून आत उतरा. मापासाठी लांबी अधिक दोन वेळा खोली अधिक दोन्ही कडेला दीड-दीड फूट, म्हणजे तुमचा २० बाय १६ झाला. पायऱ्यांसाठी वेगळा धरू नका, त्यातच बसतो.

एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. पावसाच्या आत उरकायची घाई कशाला? आपल्याकडं जूनला चार थेंब येतात, खरा पाऊस उत्तरा-हस्तात, सप्टेंबरला. मुरूम भरून ठेवा, एक-दोन पाऊस खाऊ द्या, जिथं बसेल तिथं परत भरा आणि मग कागद टाका. मजूर लावून ठोकलं तरी पावसासारखं बसत नाही.

ओळंबा
शेतकरी दादा, एवढं मोठं काम असतं तर हो म्हणलो असतो. हा खड्डा उघडा राहिला तर पावसात सगळ्या अंगणाचा चिखल आत येणार आणि मध्ये डासांची सोय होणार. थर नीट ठोकले तर थांबायची गरज नाही.

एक राहिलं. काठ बांधताना गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारी बाजूंची लेव्हल बघा, डोळ्यानं नको. पाणी आपली लेव्हल घेतं, काठ दोन इंच वरखाली असला तर एका बाजूनं सांडतं आणि समोरच्या बाजूला दोन इंच कागद उघडा पडतो, मग किती गोटे लावा. आणि सगळा काठ अंगणापेक्षा तीन-चार इंच उंच घ्या, नाहीतर पावसाचं गढूळ पाणी आणि कुंड्यांचं खत सगळं तळ्यात.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे आभार, लई कामाचं सांगितलं. आज नळी लावून बघितली, भिंतीकडची बाजू ५ इंच उंच आहे, डोळ्याला अजिबात कळत नव्हतं. तळं सरकवतोय, खोली दोन फुटांवर आणतोय. शेततळ्याचाच कागद घेतो. बायकोला कढीपत्त्याला जागा राहिली म्हणून सांगितलंय.

अजून दोन शंका. उन्हाळ्यात पाणी किती उडेल? आणि जास्तीचं पाणी कुठनं काढायचं?

अंगणातली_ताई
मे महिन्यात रोज सेंटीमीटरच्या आसपास जातं, तुमच्या मापाला सत्तर लिटरभर धरा. नळाच्या पाण्याची पाळी कितव्या दिवशी येते ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळं बोअरच. बोअरच्या पाण्यानं गोट्यांवर पांढरी रेघ धरते, ती घासून जात नाही पूर्ण, पावसाळ्यात गच्चीचं पाणी पहिली सर सोडून तळ्यात वळवलं तर बरंच कमी होतं. कमळानं पाणी झाकलं की उडणंपण थोडं कमी. आणि गप्पी मासे पहिल्याच आठवड्यात सोडा, डास वाट बघत नाहीत.

ओळंबा
सांडवा घराच्या उलट बाजूला. काठाच्या वरच्या टोकाखाली दोन इंचावर दीड इंची पीव्हीसी पाईप काढा, तोंडाला जाळी, आणि पाईपभोवती कागद कापू नका. कागदाच्या वरच्या कडेला तेवढीच खाच खाली वाकवून त्यावर पाईप बसवा. पुढं चर काढून पाणी केळीला नाहीतर त्या कढीपत्त्याला द्या, पण कढीपत्ता काठापासून ५-६ फूट लांब लावा, त्याच्या मुळांतनं लांबवर फुटवे येतात.