मदत हवी आहे : प्रार्थनेचं संमतीपत्र आणि संस्थाचालक

नमस्कार. सोलापुरातल्या एका अनुदानित ख्रिस्ती शाळेची मी नवीन मुख्याध्यापिका. आमची बहुतेक मुलं पूर्व भागातली, तेलुगू घरांतली. आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. ख्रिस्ती मुलं थोडीच.

प्रश्न रोजच्या प्रार्थनेचा आहे. घटनेच्या कलम २८(३) नुसार अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही. संमतीपत्राचा विषय काढला की संस्थेतले ज्येष्ठ म्हणतात, "कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपली शाळा चालवायचा हक्क दिलाय, आजवर कुणी विचारलं नाही." हक्क आहेच, पण त्यानं २८(३) पुसलं जात नाही. आणि प्रभूच्या नावानं लेकरांवर सक्ती व्हावी, हे माझ्या श्रद्धेलाच पटत नाही.

तुमच्या शाळेत जी मुलं प्रार्थनेला बसत नाहीत, ती त्या वेळात काय करतात? वर्गात एकटं बसवलं तर त्यांना ती शिक्षाच वाटेल. मराठी-तेलुगू संमतीपत्राचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया पाठवा. बऱ्याच आयांना मराठी वाचता येत नाही.

शिक्षकही अस्वस्थ आहेत. अल्पसंख्याक शाळांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागू का, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला. तोवर तुम्ही त्यांना परीक्षेला बसायला सांगताय का? मी तरी सांगावं म्हणते.

जानेवारीतली गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा झाली की संस्थेची बैठक आहे. ज्येष्ठांना न दुखावता हे कसं मांडलंत, ते अनुभवी मुख्याध्यापकांनी जरूर लिहा.