तैवानचा आरोग्य विमा जागतिक तक्त्यांत का सापडत नाही?

बोरीकाठ (अमळनेर) :

माझा पुतण्या तैवानमध्ये शिनचू येथे चिप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. गेल्या पावसाळ्यात तिथेच त्याच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्याने आरोग्य विम्याचे कार्ड रुग्णालयाच्या खिडकीवर दिले, ते यंत्रात घालताच त्याची सारी नोंद पडद्यावर आली, आणि सुट्टी मिळताना खर्चाचा साधारण दहावा हिस्सा तेवढा त्याला भरावा लागला. दिवाळीला घरी आल्यावर पुन्हा पोटात दुखू लागले, म्हणून त्याला जळगावला दाखल केले. इथल्या विमा कंपनीने दावा तपासताना तैवानमधील कागदांवर अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन, हवे असे कळवले. पुतण्या म्हणतो, तैवानला ते देताच येत नाही. कंपनीच्या अर्जातील देशांच्या यादीत तर ‘तैवान, चीनचा प्रांत’ असे लिहिलेले आहे.

आमच्या वाचनालयात या महिन्यात मला आरोग्य विमा या विषयावर बोलायचे आहे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते चाळले, तर तैवानची स्वतंत्र ओळच नाही. इतक्या चांगल्या व्यवस्थेला जगाची मान्यता नाही याचा अर्थ काय, आणि त्यामुळे रुग्णाचे नेमके काय अडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरणाकाठ (चाळीसगाव) :

सर, आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जागतिक आरोग्य संघटना कोणत्याही देशाच्या आरोग्यव्यवस्थेला मान्यता देत नाही; ती राज्यांना सदस्यत्व देते, आणि तिचे तक्ते सदस्यांचे असतात. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २७५८ क्रमांकाचा ठराव करून तोवर तैवानमधील सरकारकडे असलेली चीनची जागा बीजिंगच्या सरकारला दिली, आणि पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, जागतिक आरोग्य सभेनेही, म्हणजे या संघटनेच्या सदस्यांच्या सभेनेही, तोच मार्ग धरला. म्हणजे तैवानची ओळ गेली तेव्हा तिथला आजचा विमा अस्तित्वातही नव्हता.

तो सुरू झाला १ मार्च १९९५ रोजी. कामगारांचा, सरकारी नोकरांचा, शेतकऱ्यांचा असे जे वेगवेगळे विमे होते, ते एकत्र करून एकच सरकारी विमा उभा केला गेला आणि आज ९९ टक्क्यांहून अधिक लोक त्यात आहेत. नोकरदाराच्या हप्त्यातील ३० टक्के तो स्वतः भरतो, ६० टक्के मालक आणि १० टक्के सरकार. परदेशी नोकरदारालाही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्यात घेतात, म्हणूनच आपल्या पुतण्याच्या खिशात ते कार्ड होते. यातला एकही पैसा बीजिंगहून येत नाही, तरीही कागदोपत्री ते चीनच्या पोटात धरले जाते, हे मला पटत नाही.

दार कायद्याने बंद आहे असेही नाही. जे राज्य संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नाही, त्यालाही आरोग्य सभेच्या साध्या बहुमताने घेता येते. प्रशांत महासागरातील कुक बेटे १९८४ मध्ये आणि तिथलेच निऊए हे बेट १९९४ मध्ये असेच सदस्य झाले. निऊएची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत आहे, आपल्या यावल-रावेरकडचे मध्यम गाव त्याहून मोठे असते. आणि सव्वादोन कोटींहून अधिक लोकांचे तैवान मात्र बाहेर. २००९ ते २०१६ या काळात ‘चायनीज तैपेई’ या नावाने त्याला निरीक्षक म्हणून बोलावणे येत असे. २०१७ पासून तेही थांबले.

सातपुडा (धडगाव) :

मी अक्राणीत आरोग्यसेवक होतो, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. वनगावांना महसुली दर्जा मिळण्याआधीची गोष्ट आहे. पाड्यावर माणसे होती, बाळंतपणे होत होती, आम्ही लसीची पेटी खांद्यावर घेऊन चढून जात होतो. पण अहवालाच्या छापील नमुन्यात त्या गावाचे नावच नसे. मग त्या मुलांच्या लसीकरणाची नोंद शेजारच्या महसुली गावापुढे होई. लस मुलाला मिळे, यात शंका नाही. पण त्या पाड्यावर गोवर आला, तर अहवालात तो दुसऱ्याच गावात दिसे आणि पथक तिकडे जाई.

रुग्णाचे काय अडते, याचे उत्तर मला इथे दिसते. घरातल्या खाटेवरच्या रुग्णाचे फारसे अडत नाही. अडते ते रोग हद्द ओलांडतो तेव्हा. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ तैवानमध्ये पोहोचली ती मार्चमध्ये, एप्रिलमध्ये तैपेईतील एक रुग्णालय आतल्या माणसांसकट बंद करावे लागले, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ तिथे पोहोचले ते मे महिन्यात. साथीत इतके आठवडे म्हणजे काय, हे ज्याने साथ हाताळली आहे त्यालाच कळते.

सगळीकडे असेच घडते असेही नाही. कोसोवो संयुक्त राष्ट्रांचा किंवा आरोग्य संघटनेचा सदस्य नाही, तरी २०२१ मध्ये कोवॅक्स या करोना लसी वाटण्याच्या जागतिक योजनेतून त्याला लसी मिळाल्या. फक्त तुर्कस्तानची मान्यता असलेल्या उत्तर सायप्रसमध्ये मात्र युरोपीय आरोग्य विमा कार्ड चालत नाही, त्याच बेटाच्या दक्षिण भागात चालते.

तापीकाठ (भुसावळ) :

काका, आपल्या कागदांचे सांगते, कारण माझ्या मिस्टरांच्या तैवानमधील अनुभव-प्रमाणपत्रासाठी आम्ही हीच वाट चाललो आहोत. पुतण्याचे म्हणणे खरे आहे. अपोस्टील त्यासाठीच्या हेग करारातील देशच देऊ शकतात. भारत त्यात २००५ पासून आहे, तैवान नाही. पण अपोस्टील नाही म्हणून कागद खोटा ठरत नाही. रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेचा सारांश इंग्रजीत मागवावा, तो तिथल्या नोटरीकडून आणि मग तैवानच्या परराष्ट्र खात्याकडून साक्षांकित करून घ्यावा, आणि शेवटी तैपेईतील ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’चा शिक्का घ्यावा. भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नसल्यामुळे १९९५ पासून तिथे दूतावासाच्या जागी हीच संस्था काम करते. पुतण्या परत गेल्यावर त्याने स्वतःच हे काम केलेले बरे.

विमा कंपनीला साध्या पत्राने कळवावे, की संबंधित ठिकाण अपोस्टील करारात नसल्याने त्याऐवजी ही साखळी जोडत आहोत, आणि पत्राची पोच घ्यावी. आम्हाला दोन वेळा ‘अपोस्टील नाही’ एवढाच शेरा मारून कागद परत आले होते. पत्र जोडल्यावर ते पुढे सरकले. अर्जात देशाचे नाव यादीत जसे आहे तसेच निवडावे, त्यावरून वाद घातला तर अर्जच पुढे जात नाही. मनाला ते लागते, हे मात्र खरे.

बोरीकाठ (अमळनेर) :

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. पुतण्याशी काल रात्री बोललो. इंग्रजी सारांशासाठी तो या आठवड्यात रुग्णालयात जाणार आहे. धडगावच्या भाऊंना एक विनंती आहे : येत्या रविवारी अमळनेरला यावे, आणि वनगावाच्या त्या नोंदीची हकिकत वाचनालयात आपण स्वतः सांगावी. निऊए आणि तैवानचे आकडे मी फळ्यावर लिहून ठेवतो.