एमआरआय चालू असताना अंग गरम होणं, स्नायू उडणं नॉर्मल आहे का?

रानजाई: काल आईच्या कमरेचा एमआरआय झाला, ३ टेस्लाच्या मशीनवर (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक). बाहेर आल्या आल्या म्हणाली की मधेच पाठीतले स्नायू आपोआप उडत होते, आतून कोणी टकटक करतंय असं, आणि शेवटी शेवटी तर कंबर चांगलीच तापली. हललं तर परत सगळं करायला लावतील म्हणून बिचारी तशीच गप्प पडून राहिली. टेक्निशियन म्हणे "होतं असं", बास. आता परत सांगितला तर जाणार नाही म्हणते. कशामुळे होतं हे?

सातारी_कंदी: एमआरआयचं माहीत नाही पण सीटीला आयोडीनचं इंजेक्शन दिलं तेव्हा घशापासून गरम लाट निघाली ती थेट ओटीपोटात, तोंडात लोखंडाची चव आणि लघवी झालीच असं वाटलं!! झाली नव्हती. सिस्टरनी आधी सांगून ठेवलेलं म्हणून निभावलं, मिनिटभरात गेलं. मात्र खाज सुटली, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर लगेच सांगायचं.

फिल्मवाला: ताई, मी रेडिओग्राफर आहे. आईंना भास झाला नाही, दोन्ही खरंय. मशीनमधली ग्रेडियंट कॉइल चुंबकीय क्षेत्र भराभर बदलते (तो धडधड आवाज तिचाच), त्याने शरीरात बारीक करंट तयार होतो आणि नसा चाळवतात, म्हणून स्नायू उडतात. स्कॅन थांबला की थांबतं. गरम होतं ते रेडिओ लहरींमुळे, ३ टेस्लाला साधारण १२८ मेगाहर्ट्झ. थोडं कोमट वाटणं चालतं, पण एकाच जागी चटका बसत असेल तर नाही चालत. आईंचे हात कुठे होते?

रानजाई: पोटावर, बोटं गुंफून. वरून ब्लँकेट.

फिल्मवाला: तेच करू द्यायचं नसतं. हात गुंफले की अंगाचीच रिंग होते आणि करंटला फिरायला वाट मिळते. हात बाजूला सरळ, मांड्यांच्या मधे पॅड, मशीनच्या भिंतीला कातडी टेकू द्यायची नाही. कपडे तिथलेच घालायचे, काही स्पोर्ट्सच्या कपड्यांत चांदीचे धागे असतात, त्याने भाजू शकतं. आज कंबर, हात नीट बघा, लाल चट्टा किंवा फोड असेल तर डॉक्टरांना दाखवा.

निळी_दौत: मला तर आत सरकवतानाच गरगरलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी यावर पेपर काढलाय, कानातल्या द्रवात जो आयनांचा करंट असतो त्याला चुंबक ढकलतं म्हणे, त्यामुळे मेंदूला वाटतं आपण फिरतोय. काकूंना सांगा घाबरायचं कारण नाही.

रानजाई: चट्टा नाहीये, आत्ताच बघितलं. आणि तो रबरी फुगा हातात दिला होता, पण तो इमर्जन्सीलाच दाबायचा असं तिला वाटलं.

फिल्मवाला: नाही हो, तापतंय म्हणूनही दाबायचा, त्यासाठीच देतो. फार तर एक सिक्वेन्स (स्कॅनचा एक टप्पा) परत घ्यावा लागतो. पुढच्या वेळी आत जायच्या आधीच सांगा की मागे असं झालेलं, सेटिंग बदलून कमी तापेल असं करता येतं.