मदत हवी आहे: एलिझाबेथ आणि डार्सी बरोबरीचे की नाहीत?

जेन ऑस्टिनची कादंबरी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) दुसऱ्यांदा वाचतेय आणि एका जागी अडकलेय. डार्सीशी लग्न करू नकोस हे बजावायला त्याची मावशी लेडी कॅथरीन एलिझाबेथच्या घरी येऊन थडकते, तेव्हा एलिझाबेथ सुनावते, डार्सी जंटलमन (म्हणजे जमीनदार वर्गातला), मीही जंटलमनचीच मुलगी, म्हणजे आम्ही बरोबरीचे. बाई लगेच विचारते, पण तुझी आई कोण? मामा-मावश्या कोण? (आपल्याकडच्या बैठकीतलीच वाटते!)

एलिझाबेथचा मामा लंडनचा व्यापारी, स्वतःच्या गोदामांच्या नजरेच्या टप्प्यात राहणारा. पण डार्सीचा मित्र बिंगली, त्याचा पैसाही बापाच्या व्यापारातलाच ना? तरी त्याच्या बहिणी त्याच मामावरून खिदळतात आणि डार्सीला मात्र बिंगलीची दोस्ती चालते. एका पिढीत डाग धुतला जायचा, की खरा फरक जमिनीचा?

पैशांचं गणित तर भयंकर. डार्सीचे वर्षाला १०,००० पौंड. एलिझाबेथच्या वडिलांचे, बेनेटचे २,०००, पण मुलगा नसल्याने इस्टेट नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात १,००० पौंड, ४ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला ४०! पहिल्या वेळी तिच्या २७ वर्षांच्या मैत्रिणीने, शार्लटने, कॉलिन्सला लग्नासाठी हो म्हटलं तेव्हा चिडले होते. आता हे ४० पौंड पाहून तोंड बंद झालंय.

त्या काळातली ही उतरंड नीट समजावून सांगेल का कुणी? मराठीत यावर वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.