परसातील जलतरण तलाव आणि लहान मूल
प्रश्न: सिडनीत आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या परसात जलतरण तलाव असून मुलगी अडीच वर्षांची आहे. कुंपण आहे, तरी जीव थाऱ्यावर नाही. आणखी काय पाहावे?

उत्तर १: येथील नियमानुसार कुंपण किमान १.२ मीटर उंच हवे आणि फाटक तलावापासून बाहेरच्या बाजूस उघडणारे, सोडताच आपोआप मिटून कडी लागणारे हवे. ३० सेंटीमीटरहून खोल पाणी मावणाऱ्या फुगवायच्या तलावालाही हे लागू आहे. आमचे फाटक चोख होते. मुलगा मात्र कुंपणालगतच्या कुंडीवर चढला होता.

उत्तर २: बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, त्यामुळे आवाजाच्या भरवशावर राहू नये. पाहुणे जमले की एकाच मोठ्या माणसाने, मोबाइल घरात ठेवून, काठावर बसावे.

प्रश्नकर्ती: कुंडी आमच्याकडेही आहे, आत्ताच हलवते.