मदत हवी आहे : 'कंट्रोलर ऑफ द नेव्ही'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

चार्ल्स मिडल्टनवर (पुढचा लॉर्ड बार्हम) लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडलीय. १७७८ ते १७९० हा माणूस ब्रिटिश आरमाराचा 'कंट्रोलर' होता. मी आपलं 'नियंत्रक' लिहिलं. बायकोने वाचून विचारलं, "म्हणजे शिधावाटपवाला?"

'लेखापाल'ही चालणार नाही. जहाजं बांधणं, दुरुस्त करणं, गोद्या, लाकूड, दोरखंड हे सगळं बघणाऱ्या नेव्ही बोर्डाचा तो प्रमुख. लढाईचे हुकूम मात्र ॲडमिरल्टीचे (आरमाराचं सर्वोच्च खातं), आणि बोर्ड तिच्याच हाताखाली. १७७९ पासून जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकायची मोहीम त्याने रेटली. किडा लाकूड पोखरेना, शेवाळ धरेना, जहाजं वेगाने पळू लागली. पण खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचे लोखंडी खिळे झिजायला लागले, मग खिळेही तांबेमिश्रित धातूचे करावे लागले. (लेखाचा अर्धा भाग या खिळ्यांवरच जाणार, माफ करा.)

१७८४ ते १७९० तो रॉचेस्टरचा खासदारही होता, पद सांभाळूनच. सुधारणांचे प्रस्ताव नुसते पडून राहिले म्हणून वैतागून १७९० मध्ये त्याने पद सोडलं.

दुसरी अडचण १८०५ ची. आधीच्या 'फर्स्ट लॉर्ड'ला, म्हणजे ॲडमिरल्टीच्या प्रमुख मेलव्हिलला, जावं लागल्यावर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा 'फर्स्ट लॉर्ड' झाला. जुलैत फ्रेंच ताफ्याची बातमी घेऊन एक कप्तान रात्री उशिरा ॲडमिरल्टीत पोचला, पण म्हाताऱ्याला उठवायची कुणाची छाती झाली नाही. सकाळी म्हातारा भडकला आणि कपडेही न बदलता हुकूम लिहायला बसला, असं सांगतात. आता याला 'पहिला लॉर्ड' म्हटलं तर शर्यतीत पहिला आल्यासारखं वाटतं!

पेशवाईतला 'आरमाराचा सुभेदार' कंट्रोलरला चालेल का?

प्रतिसाद :
सुभेदार नको हो. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप त्याच काळातले, पण १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडायला ते स्वतः समुद्रात उतरले होते. तुमचा मिडल्टन या पदावर असताना लंडनात कागदांच्या ढिगात बसलेला. 'नौदल मंडळाचा प्रमुख (कंट्रोलर)' असं एकदा लिहा आणि पुढे नुसतं 'कंट्रोलर' ठेवा. फर्स्ट लॉर्डला सरळ 'नौदलमंत्री' म्हणा, तो मंत्रिमंडळातच बसायचा. आणि खिळे कापू नका, मला तेच वाचायचंय.